मुहर्रक : मोत्यांवर उभी राहिलेली राजधानी आणि तिचा जीर्णोद्धार

मूळ लेख : बंदरकर

बहरीनमध्ये मनामाखेरीज पाहण्यासारखे काय आहे, असा प्रश्न मागे दोन-तीन सभासदांनी विचारला होता. उत्तर लिहायला घेतले आणि ते प्रतिसादात मावेना, म्हणून हा स्वतंत्र धागा काढत आहे.

नोकरीनिमित्त बहरीनला येणारा माणूस सर्वांत आधी पाय ठेवतो तो मुहर्रक बेटावर, कारण विमानतळ तेथे आहे. आणि तेथून तो तडक पुलावरून मनामाच्या काचेच्या इमारतींकडे निघून जातो, कारण नोकऱ्या, दुकाने आणि घरे तिकडे आहेत. मीही पहिली चार वर्षे तेच केले. पाचव्या हिवाळ्यात एका शुक्रवारी सकाळी विमानतळावर कोणाला तरी सोडून परतताना रस्ता चुकलो आणि जुन्या मुहर्रकच्या गल्ल्यांत शिरलो. गाडी लावून चालू लागल्यावर लक्षात आले की पायाखालच्या फरसबंदीत शिंपल्यांचे तुकडे घातलेले आहेत, दिव्याच्या खांबांवरचे गोळे मोत्यांसारखे पांढरे आहेत आणि हे सगळे कोठेतरी घेऊन चालले आहे.

ही एकेकाळची राजधानी. १७८३ मध्ये आल खलिफा घराण्याने बहरीन ताब्यात घेतले आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्यांच्या सत्तेचे ठाणे मुहर्रकमध्ये स्थिरावले. शेख ईसा बिन अली यांनी १८६९ पासून १९२३ पर्यंत येथूनच कारभार पाहिला. त्यांचा वाडा आजही उभा आहे. चार चौकांचा, बाहेरून अगदी साधा, आणि आतून वारा खेळता ठेवणाऱ्या बादगीर मनोऱ्याचा. या मनोऱ्याला चारही बाजूंनी उभ्या फटी असतात. वारा कोणत्याही दिशेचा असो, तो अडवून खालच्या खोलीत उतरवला जातो. ऐन जुलैमध्ये त्या खोलीत उभे राहून पाहावे, म्हणजे वातानुकूलन यंत्राआधीची माणसे येथे कशी तगली असतील याचा थोडा अंदाज येतो. पूर्ण येत नाही, कारण आपण दहा मिनिटांनी बाहेर पडून गाडीत बसतो.

१९२३ मध्ये ब्रिटिशांनी शेख ईसांना बाजूला सारून कारभार त्यांच्या मुलाच्या, शेख हमद यांच्या, हाती दिला. ब्रिटिशांची कचेरी आणि जकातघर मनामात होते, त्यामुळे राजधानीचा मानही हळूहळू तिकडे गेला. मुहर्रकच्या जुन्या कुटुंबांच्या बोलण्यात तो सल अजून डोकावतो. देशातली मुलांची पहिली आधुनिक शाळा १९१९ मध्ये मुहर्रकमध्ये निघाली, हे ते पाहुण्याला पहिल्या पाच मिनिटांत सांगतात.

मात्र या गावाचा खरा धनी राजवाडा नव्हता, समुद्र होता. जूनपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, सुमारे चार महिने, मोत्यांचा मोठा हंगाम चाले. लॉरिमर या ब्रिटिश अधिकाऱ्याने विसाव्या शतकाच्या आरंभी आखाताचे गॅझेटियर तयार केले. त्यात एकट्या बहरीनच्या ९०० हून अधिक नावा आणि त्यांवरची १७ हजारांवर माणसे या धंद्यात असल्याची नोंद आहे. नावेवर प्रत्येकाचे काम ठरलेले असे. 'घैस' म्हणजे पाणबुडा. तो नाकाला कासवाच्या पाठीचा चिमटा लावून, पायाला दगड बांधून, गळ्यात जाळीची पिशवी अडकवून तळाशी जाई आणि मिनिटभरात, फार तर दीड मिनिटात, वर येई. वर येई म्हणण्यापेक्षा त्याला वर ओढले जाई. ते दोर ओढणारा तो 'सैब', आणि पाणबुड्याचा जीव त्याच्या मनगटात असे. गाणी म्हणून सर्वांना हुरूप देणारा 'नह्हाम' वेगळा. त्याच्या 'फिजिरी' या गायनप्रकाराला २०२१ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली. नावेचा प्रमुख 'नाखुदा', आणि किनाऱ्यावरून किंवा स्वतःच्या होडीतून येऊन मोती विकत घेणारा व्यापारी 'तव्वाश'.

हे सगळे कोसळले ते दहा-पंधरा वर्षांत. जपानमध्ये मिकिमोतो यांनी १८९३ मध्ये अर्धगोल मोती पिकवून दाखवला होता. पुढे गोल मोतीही जमले आणि १९२० च्या दशकात ते जगाच्या बाजारात आले. १९२९ च्या मंदीने उरलेसुरले गिऱ्हाईक नेले. भाव किती घसरला याचे एक उदाहरण नेहमी दिले जाते : १९१७ मध्ये कार्तिए या जवाहिऱ्यांनी न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवरची हवेली नैसर्गिक मोत्यांच्या दोन सरांच्या बदल्यात घेतली, तेव्हा त्या हाराची किंमत दहा लाख डॉलर धरली होती. चाळीस वर्षांनी तोच हार लिलावात दीड लाखाच्या आसपास विकला गेला. १९३२ मध्ये बहरीनमध्ये तेल लागले, आणि उपाशी पाणबुड्यांना तेल कंपनीत काम मिळाले. देश तरला, पण मुहर्रकचे कारण संपले.

त्यानंतरची गोष्ट आपल्याकडच्या कोणत्याही जुन्या पेठेसारखी आहे. सधन कुटुंबे गाडी दारात लावता येईल अशा नव्या वस्त्यांमध्ये राहायला गेली. वाड्यांच्या खोल्या भाड्याने गेल्या. किनाऱ्यावर भराव पडत गेला आणि ज्या घरांच्या पायरीला भरतीचे पाणी लागत असे ती घरे समुद्रापासून दूर, रस्त्यांच्या मधोमध अडकली.

दुरुस्तीची सुरुवात सरकारी योजनेतून झाली नाही. २००२ मध्ये शेखा मै बिंत मोहम्मद आल खलिफा यांनी आपल्या आजोबांच्या, शेख इब्राहिम यांच्या, बैठकीच्या जागी एक सांस्कृतिक केंद्र उभारले आणि नंतर एकेक घर घेऊन त्याला काम दिले. एका घरात जरीच्या किनारीचे 'कुरार' काम करणाऱ्या बायका बसतात. अब्दुल्ला अल जायद यांनी १९३९ मध्ये बहरीनमधले पहिले साप्ताहिक काढले, त्यांच्या घरात पत्रकारितेचे संग्रहालय आहे. संगीतकार मोहम्मद बिन फारिस यांच्या घरात त्यांचे गाणे ऐकायला मिळते. पुढे त्याच बाईंच्या हाती देशाचे सांस्कृतिक खाते आले आणि कामाचा आवाका वाढला. २०१२ मध्ये 'मोतीव्यवसाय : एका बेटाच्या अर्थव्यवस्थेची साक्ष' या नावाने युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून जे नोंदवले त्यात गावातल्या १७ इमारती आहेत, बू माहिर किल्ला आणि त्यालगतच्या किनाऱ्याचा एक तुकडा आहे, आणि भर समुद्रातली शिंपल्यांची तीन क्षेत्रेही आहेत. एकूण क्षेत्र सुमारे ३५ हजार हेक्टर, आणि त्यातला जवळजवळ सगळा भाग पाण्याखाली!

मला हेच सर्वांत शहाणपणाचे वाटले. राजवाडा आणि मशीद राखणे सोपे असते. येथे मोती ज्या वाटेने गेला ती वाट राखली आहे : आधी समुद्रतळ, मग नावा जेथून सुटत तो किनारा, मग पाणबुड्याचे आणि दोर ओढणाऱ्याचे लहान घर, औषधे देणाऱ्या बद्र गुलूम यांचे घर, नाखुदाचे घर, बाजारातल्या वखारी, आणि शेवटी सियादी या तव्वाशाचा वाडा, बैठक आणि मशीद. साडेतीन किलोमीटरची ही वाट चालताना घरे मोठी होत जातात, दारांवरचे कोरीवकाम वाढत जाते आणि छताच्या गिलाव्यात नक्षी येऊ लागते. पैसा कोठे साचत होता हे सांगायला फलक लागत नाही. २०१९ मध्ये 'मुहर्रकचे पुनरुज्जीवन' या कामाला आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला.

ज्यांना जायचे असेल त्यांनी मनामातल्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या धक्क्यावरून होडीने बू माहिर किल्ल्यावर उतरावे आणि तेथून चालत यावे. उलट दिशेने गेल्यास वाटेचा अर्थ लागत नाही.

प्रतिसाद : मोडीवाचक

लेख फार आवडला. एक शंका आहे. आमच्या घरी आजीची नथ आहे आणि तिच्यातले मोती 'बसरा' असल्याचे लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मोती जर बहरीनच्या समुद्रातून निघत असतील, तर आपल्याकडे नाव बसऱ्याचे का झाले? की बसऱ्याचे मोती वेगळे?

प्रतिसाद : बंदरकर

वेगळे नव्हेत. बसरा हे इराकमधले बंदर आणि बाजारपेठ. मोती शिंपल्यातून निघत ते आखाताच्या उथळ पाण्यात, आणि त्यातही बहरीनच्या आसपासची क्षेत्रे सर्वांत नावाजलेली. माल ज्या पेठेच्या नावाने ओळखला गेला ते नाव आपल्याकडे चिकटले. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात या मोत्यांची सर्वांत मोठी बाजारपेठ मुंबई होती. तेथे मोती निवडले जात, त्यांना वेज पाडले जात, रेशमात ओवून त्यांच्या लडी होत आणि मग ते पॅरिस, लंडनला जात. आखातातले अरब मोतीव्यापारी वर्षातले काही महिने मुंबईत मुक्काम करून असत आणि काहींची तेथे कायमची घरे होती. कार्तिए घराण्यातले जाक कार्तिए १९१२ मध्ये स्वतः बहरीनला आले, त्यामागे मोती थेट मिळवून मधली साखळी टाळण्याचा हेतू होता. मुंबईच्या दलालांना ते किती रुचले असेल याची कल्पना करावी.

तेव्हा आजीच्या नथीतला मोती मुहर्रकच्या एखाद्या नावेवर उघडलेल्या शिंपल्यातला असणे अगदी शक्य आहे. तो कुवेतच्या किंवा कतारच्या नावेवरचा असणेही तितकेच शक्य आहे.

प्रतिसाद : चुनेगच्ची

मी वास्तुसंवर्धनाचे काम करते आणि तीन वर्षांपूर्वी मुहर्रकला पाच दिवस केवळ भिंती पाहण्यासाठी गेले होते. धागाकर्त्यांनी बांधकामाविषयी थोडक्यात लिहिले आहे, म्हणून भर घालते.

या घरांचा दगड खाणीतला नाही, समुद्रातला आहे. पोवळ्याच्या खडकाचे ओबडधोबड तुकडे जिप्समच्या चुन्यात बसवून जाड खांब उभे केले जातात आणि दोन खांबांमधली जागा 'फरूश' नावाच्या पातळ, फरशीसारख्या पोवळ्याच्या पाट्यांनी भरली जाते. म्हणजे घराचा भार खांबांवर आणि मधली भिंत केवळ पडद्यासारखी. काही ठिकाणी दोन पाट्या मागेपुढे ठेवून त्यांच्यामध्ये वाऱ्याला वाट दिलेली असते. छताला पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आणलेले खारफुटीचे वासे, त्यावर बांबूच्या पट्ट्या, त्यावर खजुराच्या झावळ्यांची चटई आणि शेवटी मातीचा थर. खारफुटीचा वासा जेवढा लांब तेवढीच खोली रुंद. त्यामुळे श्रीमंताची खोलीही तीन-साडेतीन मीटरपेक्षा फारशी रुंद होत नाही, फक्त लांब होत जाते. आपल्याकडे खणांवर घर मोजायची पद्धत होती, तिची आठवण मला झाली. बांबू आणि दारांचे सागवान हिंदुस्थानातून जात असे.

आता रोग. पोवळ्याच्या दगडात मीठ मुळातच असते, आणि बेटाच्या जमिनीतली खारी ओल भिंतीत चढत राहते. चुन्याच्या गिलाव्यातून ती बाहेर पडून सुकते आणि काही वर्षांनी तो गिलावा झडतो. तेवढाच नवा केला की भिंत सुरक्षित राहते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र लोकांनी टिकाऊपणाच्या समजुतीने सिमेंटचा गिलावा मारला. ओल आत कोंडली, मीठ दगडाच्या आतच स्फटिकरूप झाले आणि भिंती आतून भुसभुशीत झाल्या. कोकणात आणि मुंबईत ज्याला आपण लोणा लागणे म्हणतो तोच हा प्रकार, पण दहापट वेगाने. मुहर्रकच्या कामाचा मोठा, आणि छायाचित्रांत न दिसणारा भाग हे सिमेंट हलक्या हाताने सोलून काढून पुन्हा मूळ जातीचा चुना लावण्याचा होता.

माझा आक्षेप नव्या बांधकामांवर आहे. वखारींच्या अवशेषांवर स्विस वास्तुविशारद वालेरिओ ओल्जाती यांनी अभ्यागत केंद्र म्हणून काँक्रीटचे जे अजस्र छत उभे केले आहे, ते वास्तू म्हणून थोर असेलही. परंतु दोन मजली वस्तीत ते अंगावर येते. ख्रिस्तियान केरेझ यांच्या चार बहुमजली वाहनतळांबद्दलही तेच म्हणेन. त्यांचे वळत जाणारे मजले पाहायला जगभरातून विद्यार्थी येतात, आणि शेजारच्या गल्लीतल्या पोवळ्याच्या भिंतीकडे पाठ करून छायाचित्रे काढतात.

प्रतिसाद : बंदरकर

वाहनतळांच्या बाबतीत मी आपल्याशी असहमत आहे. जुनी वस्ती सोडून जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाचे पहिले कारण गाडी लावायला जागा नाही हेच असते. गल्ल्या रुंद करायच्या नसतील तर गाड्यांना कोठेतरी ठेवावे लागेल, आणि मग ती इमारत ओशाळवाणी, जुन्यासारखी दिसणारी असण्यापेक्षा आपल्या काळाची असलेली बरी. खोटा बादगीर लावलेली पार्किंगची इमारत आखातात इतरत्र पुष्कळ पाहिली आहे.

ओल्जातींच्या छताबद्दल मात्र माझे मत दर भेटीत बदलते. उन्हाळ्यात त्याच्या सावलीत उभे राहिल्यावर ते आवडते. हिवाळ्यात आवडत नाही.

प्रतिसाद : तांडेल

सर्वांनी घरांविषयी लिहिले आहे. मी त्या घरांच्या पैशाविषयी लिहितो.

पाणबुड्याला पगार नव्हता. हंगामाच्या आधी त्याला घरखर्चासाठी उचल मिळे, आणि हंगाम संपल्यावर मोत्यांच्या विक्रीतून खर्च, नाखुदाचा आणि व्यापाऱ्याचा वाटा वजा जाता जे उरेल त्यातून ती फेडायची असे. मोत्यांचा हिशेब नाखुदा ठेवी आणि पाणबुडा निरक्षर असे. उचल फिटत नसे. मग पुढच्या हंगामाची नवी उचल, आणि तोवर दुसऱ्या नावेवर जायची मुभा नाही. बाप मेला तर कर्ज मुलावर येई, म्हणजे मुलगाही त्याच नाखुदाकडे बांधला जाई. ऊसतोड टोळ्यांची उचल आणि मुकादम ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. १९२० च्या दशकात प्रशासनाने प्रत्येक पाणबुड्याला हिशेबाची वही देण्याचे आणि वारसाने येणारे कर्ज थांबवण्याचे नियम आणले, तेव्हा त्यांना विरोध झाला तो याच सुंदर वाड्यांमधून. १९३२ मध्ये भाव पडलेले असताना उचल कमी केल्यावरून पाणबुड्यांची दंगलही झाली.

१७ इमारतींपैकी पाणबुड्यांच्या किती? वाट चालताना पैसा कोठे साचला ते दिसते असे धागाकर्ते म्हणतात, ते मान्य. परंतु तो कोणाच्या अंगातून निघाला हे तितकेच दिसते का? सर्वांत गरीब पाणबुडे झावळ्यांच्या झोपड्यांत राहत, आणि झावळी शंभर वर्षे टिकत नाही. जे टिकते तेच वारसा ठरते, आणि टिकते ते श्रीमंताचे, हा या साऱ्या क्षेत्राचा मूळ दोष आहे.

प्रतिसाद : चुनेगच्ची

तांडेल यांचा मुद्दा बिनतोड आहे. एवढेच सांगते की वारसा यादीतल्या लहान घरांमध्ये कर्जाची ही पद्धत सांगितलेली आहे, ती लपवलेली नाही. आपल्याकडच्या किती वाड्यांमध्ये सावकारीचा हिशेब मांडून ठेवलेला असतो?

प्रतिसाद : जुनाबहरीनकर

मी १९९० च्या दशकात मुहर्रकमध्ये सहा वर्षे राहिलो. ज्या घरांना आज तुम्ही वारसा म्हणता त्यांपैकी एका घरात आम्ही अकरा जण राहत होतो. मी आणि सांगलीचा एक सुतार असे दोघे मराठी, बाकीचे केरळ आणि बांगलादेशातले. मोठ्या दालनाचे प्लायवूड ठोकून चार भाग केले होते. ज्या कोनाड्यांची नक्षी आज दिव्यांनी उजळतात त्यात आमच्या बॅगा आणि स्टोव्ह असत. पावसाच्या दोन-तीन दिवसांत छताची माती खोलीत पडे. घरमालकाला सांगितल्यावर त्याने वर ताडपत्री टाकली आणि पुढच्या महिन्यात भाडे वाढवले. त्याचे नाव सांगण्यात अर्थ नाही. तोही बिचारा घर विकता येत नाही आणि पाडता येत नाही अशा अडचणीत होता, कारण एका घराचे वीस-पंचवीस वारस होते.

दोन वर्षांपूर्वी मुलाला घेऊन पुन्हा गेलो. वस्ती स्वच्छ झाली आहे, लहान लहान चौक झाले आहेत, झाडे आहेत, बाके आहेत. मी बराच वेळ एका बाकावर बसलो. संध्याकाळी त्या चौकात खेळणारी मुले बंगाली आणि उर्दूत ओरडत होती, हे ऐकून बरे वाटले. परंतु दुरुस्त केलेल्या घरांमध्ये संग्रहालये आहेत, आणि संग्रहालय रात्री बंद होते. शे-दीडशे वर्षे ज्या घरात रात्री कोणीतरी खोकत होते तेथे आता कोणी खोकत नाही.

प्रतिसाद : बंदरकर

आपल्या प्रतिसादानंतर मूळ लेखातले 'खोल्या भाड्याने गेल्या' हे माझे वाक्य मलाच फार उडते वाटू लागले आहे. आपण लिहिलेले त्या जागी हवे होते.

रात्रीच्या रिकाम्या घरांचा प्रश्न योजनाकारांनाही ठाऊक होता. जुन्या बहरीनी कुटुंबांनी परत यावे हा या कामाचा उघड सांगितलेला हेतू आहे, आणि चौक, वाहनतळ, घरदर्शनींची दुरुस्ती हे सगळे त्यासाठी. काही कुटुंबे आली आहेत. पण जे परत येतील ते आपल्यासारख्या अकरा जणांच्या जागी येतील, आणि त्या अकरा जणांनी कोठे जायचे याचे उत्तर कोणत्याही नकाशावर मी पाहिलेले नाही. वीस-पंचवीस वारसांची अडचण तर घराघरात आहे. गल्लीत दोन देखण्या दर्शनींच्या मधे एक कोसळलेली भिंत दिसते, तिच्यामागे बहुधा हेच असते.

प्रतिसाद : अनुस्वार

थोडे शब्दांविषयी. 'नाखुदा' हा फारसी शब्द, नाव आणि खुदा म्हणजे धनी यांपासून बनलेला. आपल्या कोळीवाड्यातला 'नाखवा' तोच. म्हणजे मुहर्रकचा नाखुदा आणि वरळीचा नाखवा हे एकाच शब्दाचे दोन किनारे आहेत.

दुसरा शब्द 'चव'. मोत्याच्या व्यवहारातले हे एकक मुंबईच्या मोतीबाजारात चाले आणि बहरीनमध्येही थोड्या वेगळ्या उच्चाराने चाले. त्याचे वैशिष्ट्य असे की ते वजनाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. मोती दुप्पट वजनाचा असला तर त्याची चव चौपट. त्यामुळे पाच लहान मोत्यांना एका मोठ्या मोत्याची किंमत कधीच येत नाही, ही व्यवहारातली गोष्ट मापातच बांधलेली आहे. सौदाही उघड नसे. घेणारा आणि विकणारा कापडाखाली एकमेकांची बोटे धरून भाव ठरवत आणि भोवतीच्यांना काही कळत नसे. आपल्या बैलबाजारात उपरण्याखाली हेच चाले, आणि बाजार समित्यांनी पुढे जी बंद पाडली ती 'हत्ता' पद्धतही हीच.

प्रतिसाद : बंदरकर

उत्तम माहिती. याच धर्तीवर एक भर. बहरीनमध्ये १९६५ पर्यंत व्यवहार भारतीय रुपयात होत. त्यातही १९५९ पासून रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा छापल्या होत्या, कारण नेहमीच्या नोटा सोन्याच्या चोरट्या आयातीसाठी वापरल्या जात होत्या. दिनार आला तो दहा रुपयांना एक या दराने. त्यामुळे आजही मुहर्रकच्या बाजारात दिनाराच्या दहाव्या भागाला, म्हणजे शंभर फिल्सना, म्हातारे दुकानदार 'रुबिया' म्हणतात. मी पहिल्यांदा कैसरिया बाजारात केशर-गुलाबपाण्याचा हलवा घेतला तेव्हा दुकानदाराने भाव रुबियांत सांगितला आणि मी खिशातले भारतीय पाकीट काढू लागलो होतो.

आणि मुंबईशी नाते एका बाजूचे नव्हते. बहरीनचे थोर कवी इब्राहिम अल अरय्यद यांचा जन्म १९०८ चा, मुंबईतला. अरबीखेरीज उर्दू आणि इंग्रजीतही त्यांनी लिहिले. त्यांचे मनामातले घर आता 'कवितेचे घर' आहे आणि तेही शेख इब्राहिम केंद्राच्याच घरांपैकी एक आहे. मला खटकते ते एवढेच की मोत्याची वाट सियादींच्या बैठकीत संपते. त्या बैठकीत आता मोत्यांचे संग्रहालय आहे आणि कार्तिएचे दागिने तेथे पाहायला मिळतात. मुहर्रक आणि पॅरिस यांच्या मधला जो मुंबईचा मुक्काम होता, त्याच्यासाठी निदान एक दालन हवे होते.

प्रतिसाद : मोडीवाचक

चर्चा वाचून काल नथ पेटीतून काढली. सात मोती आहेत, त्यांतला एक पिवळट पडला आहे. ते खरे नैसर्गिक आहेत की पिकवलेले, हे घरच्या घरी ओळखता येते का? दाताला घासून पाहण्याची युक्ती आईने सांगितली.

प्रतिसाद : बंदरकर

दाताला घासल्यावर खरखर लागली तर मोती काचेचा किंवा प्लास्टिकचा नाही एवढेच कळते. पिकवलेला मोतीही तसाच खरखरीत लागतो, कारण वरचा थर शिंपल्यानेच चढवलेला असतो. फरक आत असतो. प्रयोगशाळेतल्या क्ष-किरण चित्रात नैसर्गिक मोत्याच्या गाभ्यापर्यंत कांद्यासारखे पापुद्रे दिसतात, तर पिकवलेल्या समुद्री मोत्याच्या मध्यभागी बहुधा शिंपल्यातून घडवलेला गोल मणी वेगळा उमटतो. मुंबईत रत्नपरीक्षेच्या प्रयोगशाळा आहेत, तेथे हे होते. बहरीनमध्ये पिकवलेल्या मोत्यांच्या व्यापाराला बंदी आहे आणि २०१७ पासून मोत्यांच्या तपासणीसाठी खास संस्थाही आहे. परंतु एवढ्यासाठी नथ येथवर आणण्याची गरज नाही.

पिवळट मोती कोणत्याही सोनाराला ॲसिडने किंवा साबणाने धुवू देऊ नये. ओल्या मऊ कापडाने पुसावा, सुकू द्यावा आणि प्लास्टिकच्या पिशवीत न ठेवता सुती कापडात ठेवावा. नथ जुनी असेल तर तपासणीसाठी तार सोडवण्याचा आग्रहही धरू नये, कारण मोती तारेत असतानाही क्ष-किरण चित्र काढता येते.